टिंडलची जागा

१

रविवार म्हटला की सदाशिवच्या कपाळावर आठी चढायची. बाकीचे दिवस बरे असत. सकाळी उठायचं, चहा ढोसायचा, भोपाळजवळच्या मिसरोदच्या त्या कबुतरखान्यासारख्या सोसायटीला तीन फेऱ्या मारायच्या, गेटवरच्या पहारेकऱ्याला टोपी सरळ घाल म्हणून दटावायचं, की दिवस मार्गी लागला. रविवारी मात्र त्याचा मुलगा गिरीश गाडी काढायचा आणि म्हणायचा, "चला अण्णा, प्लॉटवर."

प्लॉट कसला, माळच तो. मोठा रस्ता सोडून अर्धा तास हाडं खिळखिळी करत आत गेलं की टोकरखेडी ही वाडी लागायची, आणि तिच्यामागं मुरमाड उतार. उतारावर गोल रचलेले दगडांचे पाच-सहा ढीग, कमरेइतके उंच, घाणेरीनं वेढलेले. त्यांच्या मधोमध एक उभा दगड, दीड पुरुष उंचीचा, काळा. ही फार फार जुन्या लोकांची थडगी आहेत असं गावात सांगत. सरकारी पाटी कुठं नव्हती. विकणाऱ्यानं विकलं, गिरीशनं घेतलं.

"म्हणजे मेलेल्यांच्या डोक्यावर स्वयंपाकघर बांधणार तू," सदाशिव म्हणाला. "शाबास."

"स्वयंपाकघर तिकडं आहे अण्णा. इथं हॉल येतोय."

गिरीश सरकारी खात्यात नकाशे काढायचा. त्याच्या हातातल्या कागदावर उभ्या दगडाच्या जागी सोफा काढलेला होता.

डिसेंबर होता. सकाळचे नऊ वाजले तरी गवतावरचं दव हटलं नव्हतं. सदाशिवचे गुडघे कुरकुरायला लागले. उभ्या दगडापासून वीसेक पावलांवर, तेंदूच्या दाट सावलीत, एक चपटा बसका दगड होता. तो त्यावर टेकला आणि लगेच उठला.

दगड गरम होता.

उन्हानं तापलेला दगड कसा असतो ते सदाशिवला माहीत होतं. ही ऊब तशी नव्हती. बसमध्ये कुणी उठून गेल्यावर आपण त्या जागी बसावं आणि दुसऱ्याच्या अंगाची ऊब आपल्याला लागावी, तशी होती. त्यानं वाकून हात लावला. मधोमध बुड टेकतं तेवढाच भाग ऊबदार. कडा बर्फासारख्या.

कुत्रं बसलं असेल, त्यानं मनाशी म्हटलं. इकडंतिकडं बघितलं. कुत्रं काही दिसलं नाही. दवातून आलेली पावलं दिसत होती ती त्याची आणि गिरीशची.

"काय झालं अण्णा?"

"काही नाही. तुझा सोफा बघतोय."

२

सदाशिव चौथीपर्यंत शिकला, आणि तेही धड नाही. एकोणिसाव्या वर्षी भुसावळहून भोपाळला आला आणि गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात खलाशी म्हणून चिकटला. हा खलाशी जहाजावरचा नव्हे. अवजड यंत्रं दोर, कप्पी आणि पहारीनं हलवणारी टोळी असते, तिच्या गड्यांना कारखान्यात खलाशी म्हणतात आणि म्होरक्याला टिंडल. नोकरीच्या बाराव्या वर्षी सदाशिव टिंडल झाला आणि निवृत्त होईपर्यंत टिंडलच राहिला. माणसं त्याला चळचळा कापत, पण त्याच्या टोळीत कुणाचं बोट तुटलं नाही.

टिंडलकडं दोनच शब्द. 'हाबेस' म्हणजे उचला. 'आरिया' म्हणजे सोडत या, सावकाश, खाली. शब्द कुठल्या मुलखातले ते कुणाला ठाऊक नाही. बंदरावरून आले म्हणतात. टिंडलनं 'हाबेस' अशी आरोळी द्यायची, गड्यांनी एका दमात 'हो' म्हणायचं आणि ओढायचं. दोरावरच्या गड्याची मान खाली असते. त्याला टिंडलचा हात दिसत नाही, त्याला आवाजच लागतो. सदाशिवचा आवाज तीन शेड पलीकडं जाई.

आणि नियम एकच. ज्यानं हाबेस म्हटलं त्यानंच आरिया म्हणायचं. तोवर जागा सोडायची नाही. बिडी नाही, लघवी नाही, घरात कुणी मेलं तरी नाही. सुटकेची वाट एकच होती. दुसऱ्या टिंडलनं जागेवर येऊन एकदा हाबेस म्हणायचं. गड्यांनी त्याला 'हो' दिला की टोळी त्याची आणि पहिला मोकळा. मोकळ्या झालेल्यानं मागं न बघता चालू लागायचं. मागं बघितलं तर गड्यांचं चित्त दोघांत फाटतं आणि दोर हातचा सुटतो, असं जुने लोक सांगत.

गिरीश अकरा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. शेडमधली लाइट गेली, क्रेन अडकली, आणि साडेसात टनांचं यंत्र चेनकप्पीवर आणि अकरा गड्यांच्या दोरांवर लोंबकळत राहिलं. त्याच वेळी, सदाशिवची बायको भरती होती त्या दवाखान्यातून माणूस आला. "निर्मलाबाईंचं खरं नाही. लगेच चला."

सदाशिवनं वजनावरची नजर काढली नाही. म्हणाला, "सांग त्यांना, मला उशीर होईल."

पाऊण तास उशीर झाला. दवाखान्याच्या बाकावर गिरीश एकटाच बसला होता, हातात आईच्या चपला घेऊन. त्यानंतर बापलेकांत भांडण असं कधी झालंच नाही. एवढंच झालं की तीस वर्षं गिरीश बापाशी हवापाण्याचं बोलत राहिला.

३

पुढच्या रविवारी सदाशिव न सांगता गाडीत जाऊन बसला. सून नेहा वरून ओरडली, "अण्णा, मफलर! खोकताय किती!"

"मफलरनं खोकला जात असता तर डॉक्टर उपाशी मेले असते," असं म्हणत त्यानं मफलर घेतला.

माळावर राखणीला श्याम नावाचा टोकरखेडीचा माणूस ठेवला होता. पन्नाशीचा, दिवसभर उभाच. सदाशिवनं विचारलं, "काय रे, इतका चांगला दगड आहे बसायला, आणि तू खांबासारखा उभा?"

"ख़ाली हो तो बैठें, बाबा," श्याम म्हणाला.

"रिकामाच तर आहे."

श्यामनं त्या दगडाकडं बघितलं, मग सदाशिवकडं बघितलं, आणि कुणीतरी चेष्टा करतंय असं वाटून ओशाळं हसला. 

सदाशिवनं त्याला मनातल्या मनात बावळट ठरवलं आणि उभ्या दगडाकडं गेला. त्यानं जन्मभर वजनं बघितली होती. दगडाला एक चक्कर मारली की तो किती टनांचा, कुठून धरायचा, कुठं कलेल, हे त्याला कळायचं. हा सहा टनांच्या आतबाहेर होता. पण छातीच्या उंचीवर त्याला खाचा दिसल्या, आणि तो थांबला.

दोराच्या खाचा होत्या त्या. छिन्नीनं पाडलेल्या नव्हत्या. दोर घासून घासून, वर्षानुवर्षं, दगड झिजला होता. बोट घातलं तर आतून काचेसारखं गुळगुळीत. दगड उभा करताना दोर लावतात हे खरं, पण ते एकदाच. एका दिवसाच्या दोरानं दगड झिजत नाही. विहिरीच्या काठाला अशी खाच पडायला पिढ्या जातात.

म्हणजे हा दगड ओझं नव्हता, खुंटा होता. याला दोराचा वेढा देऊन दुसरंच काहीतरी तोलून धरलं होतं. पण काय? खाच एक मावळतीच्या अंगाला होती, एक उगवतीच्या. आणि दोन्ही वर चढत गेलेल्या. ओझं खाली असेल तर दोर खाली घासतो. कुठल्याही गाढवाला हे कळतं. या खाचांच्या रेषेत त्यानं एक डोळा मिटून बघितलं. रेषा टेकडीवरून निघून आभाळात जात होती. तिथं झाड नव्हतं, कडा नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं.

मग तो वळला, आणि उभ्या दगडापासून मागं मागं येत चांगली जागा शोधू लागला. जिथून दोरही दिसेल, गडीही दिसतील आणि ओझंही. वीस पावलं झाली आणि त्याच्या पोटरीला काहीतरी लागलं. चपटा दगड होता.

हात लावून बघावा असं त्याला वाटलं. त्यानं लावला नाही. हात खिशात घालून तो गाडीत जाऊन बसला आणि काच वर केली.

"अण्णा, थंडी वाजतेय का?"

"गिऱ्या, तो दगड आहे तिथं राहू दे. घर चार हात सरकव."

गिरीशनं गाडी चालू केली. "का?"

का ते सदाशिवला सांगता येईना. चौथी पास माणूस, इंजिनिअरांनाही दम भरलेला, आणि तोंडात शब्द येईना. शेवटी म्हणाला, "कामाचा आहे तो."

"कुणाच्या?"

यावर तो खोकत बसला.

४

दगड काढायचा दिवस बुधवार ठरला. गिरीशनं रजा टाकली. हायड्रा क्रेन आली, तिच्यावर ओंकार नावाचा चालक, तोंडात गुटखा आणि कानात कसलंतरी गाणं. उभ्या दगडाच्या मावळतीकडं छातीएवढा खड्डा खणला होता. दगडाचं मूळ मोकळं झालं होतं.

सदाशिव सकाळपासून सगळ्यांच्या डोक्यावर बसला होता. पट्टा तिथं नको, पाचर इथं मार, हायड्राचं तोंड वळव. दुपारी तीनच्या सुमाराला गिरीशचा धीर सुटला. त्यानं बापाचा दंड धरला, वीस पावलं मागं नेलं आणि चपट्या दगडावर बसवलं.

"इथं बसा. कृपा करून. काय सांगायचं ते इथूनच सांगा."

दगड गरम होता. तापलेल्या माणसाच्या मांडीवर बसावं तसा गरम. सदाशिव उठायला गेला, आणि त्याच वेळी त्याला दिसलं की गिरीश खड्ड्यात उतरलाय.

"ए! बाहेर ये! उभ्या वजनाखाली माणूस उतरतो का, गाढवा?"

"पट्टा सरकलाय अण्णा, एक मिनिट."

हायड्राच्या इंजिनानं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. पट्टा ढिला झाला. मग आवाज आला, दाढ उपटताना डोक्याच्या आत येतो तसा, जमिनीतून. आणि तो सहा टनांचा काळा दगड घाई न करता खड्ड्याकडं कलू लागला.

ओंकार खिडकीतून किंचाळला. गिरीशनं वर बघितलं. त्याच्या तोंडावर दगडाची सावली पडली.

सदाशिवनं विचार केला नाही. विचार करायला वेळ कुठला. छत्तीस वर्षांची सवय पोटातून उठली आणि छाती फोडून बाहेर आली.

"हाबे…स!"

आणि माळानं उत्तर दिलं.

"हो."

तो काही प्रतिध्वनी नव्हता. प्रतिध्वनी आपलीच आरोळी परत देतो. हा 'हो' होता. अनेक गळ्यांचा, एका दमाचा, खाली मान घालून, दात आवळून दिलेला. किती गडी असावेत ते टिंडलला 'हो'वरून कळतं. अकरांचा हो वेगळा, विसांचा वेगळा. सदाशिवला हा हो मोजता आला नाही. तो उतारावरून आला, ढिगांमागून आला, आणि त्याच्या पायाखालूनही आला.

दगड थांबला. हवेत, अर्धा कललेला, थांबला. मग जसा गेला होता तसाच, घाई न करता, मागं आला आणि ताठ उभा राहिला.

गिरीश चारी हातापायांनी खड्ड्याबाहेर आला. मुरुमावर पालथा पडून धापा टाकू लागला. श्याम धावला. ओंकार उडी मारून खाली उतरला आणि ओरडला,

"बच गए भैया! पट्टे ने पकड़ लिया!"

पण पट्टा जमिनीवर पडला होता. ओंकारनं तो बघितला, आणि गुटखा थुंकायचं विसरला.

सदाशिव तेवढ्यात पलीकडं बघत होता. त्याच्याच चपट्या दगडामागून कुणीतरी उठत होतं. श्याम असेल म्हणावं तर श्याम गिरीशला पाणी पाजत होता. पाठमोरा होता तो, वाकलेला, अंगावर मळकट काहीतरी. त्यानं दोन्ही हातांनी आपले गुडघे चोळले, फार वेळ एका जागी बसलेला माणूस चोळतो तसे. कंबर सरळ केली. आणि उताराकडं चालायला लागला, दमल्यासारखा, पण हलका. घाणेरीच्या पलीकडं गेला आणि दिसेनासा झाला.

त्यानं एकदाही मागं बघितलं नाही.

पाळी सुटलेला माणूस मागं बघत नाही.

५

"चला अण्णा, घरी जाऊ," गिरीश म्हणाला. त्याचं कोपर सोललं होतं. हायड्रा केव्हाच निघून गेली होती. ओंकारनं निघताना कुणाशी काही बोलणंही टाळलं होतं.

"तू जा."

"म्हणजे?"

"गडी दोरावर आहेत."

गिरीशनं रिकाम्या माळाकडं बघितलं. "कुठले गडी?"

सदाशिवनं बोट दाखवलं. उभ्या दगडापासून चपट्या दगडापर्यंतच्या कडक मुरुमात खळगे पडले होते. टाच रोवून माणूस मागं रेलतो तेव्हा पडतात तसे. दोन रांगा. सकाळी ते नव्हते. ते बघत असतानाच एका खळग्याच्या कडेचे चार खडे आत घरंगळले, कुणीतरी टाच जराशी सरकवल्यासारखे.

"हायड्राची चाकं आहेत ती," गिरीश म्हणाला, आणि एक पाऊल मागं सरला.

"मी हाबेस म्हटलंय. त्यांनी हो दिलाय. आता मी उठायचं नाही."

हे ऐकलं आणि तीस वर्षांचं बूच उडालं.

"आईच्या वेळीही हेच!" गिरीश ओरडला. "तेव्हाही तुमचं हाबेस! ती दाराकडं बघत होती अण्णा, तुमच्यासाठी. मी बघत होतो तिच्याकडं. एका यंत्रासाठी तुम्ही आला नाहीत. लोखंडाच्या यंत्रासाठी!"

सदाशिवनं उभ्या दगडावरची नजर काढली नाही. मग खोकला. त्या एका आरोळीनं गळा सोलून निघाला होता.

"यंत्राखाली खड्डा होता," तो म्हणाला. "पायाचे बोल्ट बसवायला दोन फिटर आत उतरले होते. एकाचं लग्न महिन्यापूर्वी झालेलं."

गिरीश बघतच राहिला. "हे आज सांगताय?"

"कुणी विचारलं नाही."

"मी अकरा वर्षांचा होतो! मी विचारायचं होतं?"

सदाशिव भांडकुदळ होता, पण खोटारडा नव्हता. म्हणून त्यानं नाही अशी मान हलवली. गिरीश गाडीपर्यंत गेला, दार उघडलं, बंद केलं आणि परत आला. बापाशेजारी जमिनीवर बसला. नेहाचा फोन आला तेव्हा म्हणाला, "अण्णांचं जरा… हो, बरे आहेत. बसलोय आम्ही."

६

दिवस उतरणीला लागला. श्यामनं गावातून भाकरी आणि चटणी आणून दिली आणि जवळ न येता निघून गेला. जाताना मात्र त्यानं चपट्या दगडाकडं वळून, कारखान्याच्या दारात साहेबाला करतात तसा, हात कपाळाला लावला.

आता सदाशिवला त्यांचा श्वास ऐकू येत होता. एकत्र आत, एकत्र बाहेर. आधी वाटलं वारा. पण गवत हलत नव्हतं. आणि त्या श्वासाखाली दुसरा एक आवाज होता, जो त्यानं जन्मभर ऐकला होता. भाराखाली ताणलेल्या दोराची कुरकुर.

सूर्य टेकडीवर आला. तांबडा, मोठा, थंडीत असतो तसा. सदाशिवनं सवयीनं एक डोळा मिटला आणि दगडावरच्या मावळतीच्या खाचेतून बघितलं.

खाचेची रेषा थेट सूर्यावर जात होती.

त्याच्या अंगावरून काहीतरी सरसरत गेलं. भीती म्हणावी तर ती लहान पडेल. पहिल्यांदा कारखान्यात शिरल्यावर डोक्यावरून साठ टनांचा बोजा सरकत गेला, तेव्हा एकोणीस वर्षांच्या पोरानं जसं तोंड उघडं टाकलं होतं, तसं काहीतरी.

"किती वाजले?" त्यानं विचारलं.

"पावणेसहा." गिरीशनं फोन बघितला. मग टेकडीकडं. मग पुन्हा फोन. "आज तर… पाच अडतीसला मावळायला हवा होता. इथं तसं लिहिलंय."

सूर्य टेकडीच्या वर एक बोट होता. आणि हलत नव्हता.

"उंचावर आहोत आपण," गिरीश म्हणाला. "म्हणून उशिरा…"

पाच पन्नास. पाच छप्पन्न. पाखरं झाडांवर येऊन बसली होती, ती उठली, घिरट्या घालून पुन्हा बसली. टोकरखेडीत एक गाय हंबरत होती, थांबतच नव्हती. श्वास जड व्हायला लागले. दोर कुरकुरला. गडी वाट बघत होते. टिंडल बदलला होता, आणि नव्यानं अजून शब्द दिला नव्हता.

सदाशिवनं हात वर केला, तळवा जमिनीकडं. गळा खाकरला.

"आरिया," तो म्हणाला, हळू, पाळण्याची दोरी सोडावी तसा. "आरि…या. सावकाश. आरिया."

"हो," माळ म्हणाला.

आणि सूर्य खाली आला. एकदम नाही. वीतभर, मग थांबून दम, मग वीतभर. हात बदलत दोर सोडतात तसा. गिरीशनं बापाचा तळवा बघितला, टेकडी बघितली. तळवा खाली जाई तसा तो खाली जाई.

सूर्य मावळतो असं लोक म्हणतात. सदाशिवनं जन्मात पहिल्यांदा बघितलं की मावळत नाही. उतरवतात.

टेकडीमागं गेल्यावर शेवटी जमिनीला एक बारीक धक्का बसला. ओझं ठेवलं की बसतो, तेवढाच. इतकं सफाईदार काम सदाशिवच्या टोळीनं कधी केलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते मफलरनं पुसलं.

गिरीश टेकडीकडं बघत उठला. मग विचारलं, "आता झालं ना? आता घरी?"

"उतरवलं त्यानंच चढवायचं," सदाशिव म्हणाला. तोंडातून आवाज येत होता तो नुसता घोगरा वारा.

७

गिरीशनं गाडीतली चादर आणली, बापाच्या खांद्यावर टाकली आणि स्वतः दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन तिथंच बसला. दोघांनी डोळे मिटले की नाही त्यांनाच माहीत. पहाटे श्याम थर्मासमध्ये चहा आणून ठेवून गेला.

सहा वाजले. साडेसहा वाजले. उगवतीकडं काळं. पावणेसात झाले आणि धुकं म्हणावं तर चांदण्या लख्ख दिसत होत्या. गावातले कोंबडे आरवून आरवून गप्प झाले. सातला नेहाचा फोन आला.

"अजून उजाडलं नाही हो इथं. सगळे खाली जमलेत. तिकडंही तसंच आहे का? धुकं असेल ना?"

"धुकंच आहे," गिरीश म्हणाला. त्यानं फोन ठेवला आणि बापाकडं वळला. "अण्णा. म्हणा ना."

सदाशिव मघापासून तेच करत होता. तो उभा राहिला होता, छाती भरून घेतली होती, तोंड उघडलं होतं. गळ्यातून काही येत नव्हतं. हवा यायची आणि जायची. त्यानं चहा घेतला, खाकरला, पुन्हा तोंड उघडलं. तीन शेड पलीकडं जाणारा आवाज कालच्या दोन शब्दांत संपला होता. अंधारात शेकडो पाठी वाकलेल्या होत्या, त्याला जाणवत होत्या. कुणाचीच मान वर नव्हती. हात दाखवून उपयोग नव्हता.

तो पुन्हा दगडावर बसला, आणि कळलं, दगड गार होत चाललाय.

गिरीशनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. फोनच्या उजेडात त्याला ते नीट दिसलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं बापाला घाबरलेला बघितला.

"मी म्हणू?" तो म्हणाला.

सदाशिवनं त्याची बाही धरली. दोन्ही हातांनी धरली. मान हलवली, नाही, नाही, नाही. सांगायचं होतं, अरे, एकदा म्हटलंस की संपलं. नेहा आहे, नोकरी आहे, अर्धं आयुष्य आहे तुझं. मी म्हातारा आहे, मला बसू दे, दुपारपर्यंत येईल आवाज, जगाला एक दिवस अंधार पडला तर पडू दे. हे सगळं त्याच्या ओठांवर होतं, आणि ओठांतून नुसती हवा निघत होती.

"दोन फिटरच होते ना तेव्हा खड्ड्यात," गिरीश म्हणाला. त्यानं बापाची बोटं एकेक करून सोडवली, अगदी अलगद. त्याला उठवून बाजूला केलं. आणि जागेवर बसला.

त्याचा आवाज बापाचाच होता. हे कुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"हाबे…स!"

"हो."

ढिगांमागून, उतारावरून, जमिनीखालून. कालच्यापेक्षा मोठा. ताज्या टिंडलला देतात तसा.

उगवतीची कड तांबूस झाली. मग केशरी. वीतभर, दम, वीतभर. उभ्या दगडाच्या दुसऱ्या खाचेत पहिला किरण बसला, आणि दगड एकदा, दोर ताणल्यासारखा, वाजला.

त्या क्षणी सदाशिवचे गुडघे दुखायचे थांबले. खांद्यांवरून काहीतरी उतरलं. पाय, त्याला न विचारता, उताराकडं वळले.

"अण्णा, तुम्ही निघा," गिरीश म्हणाला. त्यानं बापाकडं बघितलं नाही. नजर ओझ्यावर होती, जिथं असायला हवी तिथंच. "नेहाला सांगा, मला उशीर होईल."

सदाशिव दहा पावलं चालला. घाणेरीपाशी आला. मोकळ्या झालेल्या टिंडलनं मागं बघायचं नाही, हा रिवाज त्यानं छत्तीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

त्यानं मागं बघितलं.

माळावर त्याचा मुलगा एकटा बसला होता. दुसरं कुणी नव्हतं. पण ऊन तिरपं पडलं होतं, आणि मुरुमावर सावल्या होत्या. रांगेनं, पार उताराच्या टोकापर्यंत, मागं रेललेल्या, माना खाली घातलेल्या सावल्या. त्यांतल्या सगळ्यात जवळच्या सावलीनं मान वर केली होती आणि ती आळीपाळीनं दोघांकडं बघत होती. एकदा मुलाकडं आणि एकदा बापाकडं.